झाडीपट्टी रंगभूमी

झाडीपट्टी रंगभूमी : पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जंगलव्याप्त धानउत्पादक जिल्ह्यांत दरवर्षी उघड्या मैदानावर रात्रभर रंगणाऱ्या गीतप्रधान नाटकांची व्यावसायिक परंपरा. दंडार हा गीत-नृत्य-संवादांचा खेळ आणि खडी गंमत हा तमाशाच्या वळणाचा, उभ्याने सादर होणारा प्रकार, या स्थानिक लोककलांच्या भूमीत संगीत नाटकाचे वळण रुजून ती आकाराला आली.

धानाची कापणी होऊन हाती पैसा आणि सवड आली की दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो व तो साधारणतः होळीपर्यंत चालतो. गावोगावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेला, किंवा शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, पाहुणे जमतात आणि रात्री त्यांच्यासाठी नाटक लागते. यजमान गावातील मंडळ ठरावीक रकमेला प्रयोग घेते, मैदान कापडाने वा तट्ट्यांनी बंदिस्त करते आणि तिकिटे विकून खर्च भरून काढते. काही ठिकाणी जमीन उतरती खोदून मागच्या प्रेक्षकालाही रंगमंच दिसेल अशी सोय केली जाते. झाडीपट्टीत तिकीट हाच व्यवहाराचा कणा राहिला आहे.

गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरील वडसा (देसाईगंज) हे या व्यवसायाचे केंद्र असून तेथील नाट्यमंडळांच्या कार्यालयांतून गावोगावचे प्रयोग ठरतात. ऑर्गन आणि तबल्याच्या जोडीला पुढे ऑक्टोपॅडसारखी विद्युत वाद्ये आली, कथानकाच्या अधूनमधून लावणीवजा नृत्येही येऊ लागली. तथापि चांगल्या गाण्याला ‘वन्स मोअर’ देण्याची रसिकांची सवय कायम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातल्याने शंकरपट थांबले, तरी नाटके थांबली नाहीत. पुढे २०२३ मध्ये याच न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.