घरातली हाक

हाक मारणे किती साधी गोष्ट! पण मानेखालचे अंग लुळे पडलेल्या माणसाला ती साधी राहत नाही.

इंग्लंडात स्टोक मँडेविल येथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमान यांनी पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांसाठी विभाग सुरू केला. तिथे रुग्णांना भेटायला जाणाऱ्या रेज मेलिंग यांनी पाहिले, की काहींजवळ परिचारिकेला बोलवायला शिट्टीखेरीज काही नाही. पण शिट्टी वाजते, म्हणजे श्वास ताब्यात आहे! त्यातूनच १९६० च्या सुमारास ‘पॉसम’ हे यंत्र निघाले. नळीत फुंकर घालावी किंवा हवा ओढावी, की घंटा वाजे, दिवा लागे, टंकलेखनही होई. पुढे ही यंत्रे रुग्णांच्या घरीही गेली. लॅटिनमध्ये ‘पॉसम’ म्हणजे ‘मी करू शकतो’.

आपल्याकडे २०१७ पासून नव्या मोबाईलमध्ये पॅनिक बटन सक्तीचे झाले. चांगलेच झाले; पण ते दाबायला बोट लागते ना! मेलिंग यांनी आधी माणसाचे काय शाबूत आहे ते पाहिले, मग यंत्र केले.

फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे जिथे स्थिरावली, त्या आपल्या जरीपटक्यात कोणी असे अंथरुणाला खिळलेले असेल, तर हाच क्रम धरावा. बोट हलते, फुंकर जमते, की नुसता आवाज उरला आहे? आणि घरची माणसे कुलूप लावून कामावर गेली असताना १०८ ची रुग्णवाहिका दारात आली, तर? तेव्हा एक किल्ली शेजारी ठेवावी, आणि शेजाऱ्यांनीही ती आनंदाने ठेवून घ्यावी.