स्टॅफर्डशर मृत्तिकामूर्ती, बायबलमधील
इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात, मुख्यतः बर्सलेम आणि परिसरातील कुंभारगावांत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून व्हिक्टोरिया राणीच्या काळापर्यंत बनलेल्या, बायबलमधील प्रसंग दाखविणाऱ्या लहान रंगीत मूर्ती. सामान्य घरांत त्या शेकोटीवरील फळीवर मांडत.

प्लास्टरच्या साच्यांत माती दाबून भाग वेगवेगळे काढीत व पातळ मातीने जोडीत. पहिल्या भाजणीनंतर झिलई देत. त्यावर रंग भरून मूर्ती कमी आचेवर पुन्हा भाजत. ‘पर्लवेअर’ या प्रकारात झिलईतील किंचित कोबाल्टमुळे पांढऱ्या पृष्ठभागावर निळसर झाक येई. अनेक मूर्तींमागे पानाफुलांचे झाड असे. त्याला ‘बोकाज’ म्हणतात. शोभेबरोबरच ते मूर्तीला आधारही देई.

अब्राहाम व इसहाक, मरिया-योसेफ यांचे मिसर देशास पलायन, पेत्र आणि कोंबडा हे आवडते विषय होते. एलीया व सारफथची विधवा यांची जोडी विशेष प्रसिद्ध आहे. एलीयाजवळ त्याला अन्न पुरविणारे कावळे, तर विधवेजवळ तिचा मुलगा व पिठाचे भांडे दिसते.

बर्सलेमचा जॉन वॉल्टन हा या मूर्तींचा प्रमुख कारागीर. तो अनेक मूर्तींच्या मागे आपले नाव उठवीत असे. इतर बहुतेक मूर्ती निनावी आहेत. 1840 नंतर पाठ सपाट व रंगकाम मोजके असलेल्या स्वस्त मूर्तींचे प्रमाण वाढले. लोकप्रिय नमुन्यांच्या पुढे नकलाही झाल्या. ब्रायटन येथील संग्रहालयातील हेन्री विलेट संग्रहात इंग्रजी लोकजीवनाशी निगडित मृत्पात्रे व मूर्ती पाहावयास मिळतात.