अंतर कोणी तोडायचे?

शिक्षणाचा इतिहास लिहिताना कोणते महाविद्यालय कधी निघाले हे आपण नोंदवतो. विद्यार्थ्याला तिथवर पोचायला किती अंतर तोडावे लागले, हे क्वचितच नोंदवले जाते. दलितांच्या शिक्षणाचा इतिहास मात्र मुख्यतः या अंतराचा इतिहास आहे. २०२० साली ‘घरबसल्या शिक्षण’ आले, तेव्हा हे अंतर आता मिटले अशी ग्वाही देण्यात आली. ती तपासून पाहिली पाहिजे.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेव्हा तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. कारण दिवसा नोकरी करणाऱ्याला दुपारी वर्गात बसणे शक्य नव्हते. १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत पुढे ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले. तिथे वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहाला होते. विद्यार्थ्याकडे वेळ नाही, जागा नाही, हे संस्थेने ओळखले आणि ती स्वतः विद्यार्थ्याकडे सरकली.

मुक्त विद्यापीठांची कल्पनाही याच दिशेची. १९८२ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाला पुढे बाबासाहेबांचेच नाव मिळाले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारी करून पदवीला बसता येऊ लागले. पुस्तक हाती पडे, आणि अडले तर विचारायला अभ्यासकेंद्र असे.

२०२० मध्ये टाळेबंदी आली आणि हा क्रम उलटला. संस्थेने व्याख्यान आकाशात सोडले. ते झेलण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीनुसार ग्रामीण भारतातील जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ही आकडेवारी टाळेबंदीपूर्वीच शासनाच्या हाती होती.

आमच्या सांगोल्याकडे तिचा अर्थ मी रोज पाहत होतो. घरात एकच फोन, तो बापाबरोबर कामावर जाई. रिचार्ज संपला की विद्यार्थी वर्गातून नाहीसा होई. एका गावी रेंज मिळायची ती देवळाच्या ओट्यावर. बौद्धवाड्यातली माझी एक विद्यार्थिनी तिथे जाऊन बसेना. तिला कोणी अडवले नव्हते. आपल्याला तिथे बसता येत नाही, हे तिला कोणी सांगण्याची गरजच नव्हती. हजेरीपटावर ती ‘गैरहजर’ होती. मीच ती नोंद करीत होतो.

त्याच वर्षी, २८ डिसेंबर २०२० रोजी, शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. आमच्या शेतमालाला हजारो मैलांची वाट सापडली, याचा आनंदच आहे. पण यावरून एवढे सिद्ध होते की अंतर तोडण्याचे ठरवले तर ते तोडता येते. गाडी मालापर्यंत आणावी लागते, हे कोणाला पटवून द्यावे लागले नाही. मग विद्यापीठ विद्यार्थ्यापर्यंत का आणले जात नाही?

टाळेबंदी उठली, वर्ग भरू लागले, म्हणून प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून ऑनलाइन करण्यास मुभा दिली. म्हणजे हे शिक्षण आणीबाणीचे राहिलेले नाही.

आमचा यंत्राला विरोध नाही. ज्यांना पोथीला हात लावू दिला नाही, त्यांनी यंत्राला का घाबरावे? आमची मागणी साधी आहे. बौद्धवाड्याच्या समाजमंदिरात एक खोली, दिवा, दोन-चार संगणक, खात्रीची जोडणी आणि आठवड्यातून काही तास समोर बसून शंका ऐकणारा शिक्षक. याचा खर्च विद्यापीठाने आणि शासनाने उचलावा.

आमच्या पिढीने पायपीट करून पदव्या मिळवल्या. तो आमचा अभिमान असेल. पण ते व्यवस्थेचे धोरण असू शकत नाही. आता चालण्याची पाळी विद्यापीठाची आहे.