खरे मंत्रिमंडळ, जुलै १९३८ : राजीनामा नेमका कुणाला द्यायचा?

नागपुरात एक मंत्रिमंडळ इनमिन दोन-तीन दिवस टिकलं होतं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं.

१९३७च्या निवडणुकीत मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसला ११२पैकी ७० जागा मिळाल्या आणि डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत). मंत्र्यांत मराठी भाग विरुद्ध महाकोशल अशी ओढाताण सुरूच होती. मे १९३८मध्ये पचमढीला समेट झाला, पण तो टिकला नाही.

२० जुलैला खरेंनी राजीनामा दिला. गोळे आणि रामराव देशमुख त्यांच्यासोबत गेले. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता मात्र म्हणाले, वरिष्ठांच्या आदेशाशिवाय आम्ही राजीनामा देणार नाही. गव्हर्नर वायली यांनी रातोरात तिघांना बडतर्फ केलं आणि २१ला खरेंचं नवं मंत्रिमंडळ आलं. त्यात अस्पृश्य समाजातले अग्निभोज होते. २३ला तेही गेलं. वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने खरेंना दोषी धरलं आणि २९ जुलैला शुक्ल पंतप्रधान झाले.

आता संशोधकाच्या नजरेने बघू. ‘मराठी-हिंदी भांडण’ हे उत्तर खोटं नाही, पण माझ्या मते ते फार लवकर समाधान देतं. त्यापेक्षा १९३५चा कायदा उघडा. त्याच्या कलम ५१नुसार मंत्री गव्हर्नरच्या मर्जीवर पदावर राहतो. पंतप्रधान गेला की सगळे जातात, हा ब्रिटिश संकेत होता आणि खरे त्याच्यावर विसंबले. शुक्ल गटासाठी मालक होता पक्ष. म्हणजे एकाच खुर्चीवर तीन हक्कदार!

स्पेनमध्ये १९०६ साली असंच काहीसं झालं. लिबरल नेते मोरेत यांनी स्वपक्षाच्याच पंतप्रधानाला डावलून राजा तेराव्या अल्फोन्सोला चिठ्ठी लिहिली. सरकार पडलं, मोरेत सत्तेवर आले, आणि ३० नोव्हेंबर ते ४ डिसेंबर एवढंच टिकले. राजाने नेमलं, पण पक्ष पाठीशी नव्हता. फरक मोठा आहे. तिथे लिबरल पक्ष गटातटांत फुटलेला होता. इथे दिल्लीपासून वर्ध्यापर्यंत शिस्त लावणारी यंत्रणा होती, आणि समोर परकी सत्ता. त्यामुळे गव्हर्नरची नुसती तत्परतासुद्धा खरेंविरुद्धचा पुरावा ठरली.

अग्निभोजांची नेमणूक हा स्वतंत्र धागा आहे. आंबेडकरांनी १९४५च्या पुस्तकात तो उचलला. खरेंनी आपली बाजू छापून मांडली आणि १९४३ला ते थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांचं निवेदन वाचताना ही तारीख शेजारी लिहून ठेवा.