एरंडेलाचा धूर

नेरूळच्या मोकळ्या मैदानात मुलाचा हातभर लांबीचा ट्रक धावू लागला की माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा होतो. १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने एक छोटी होडी बिनतारी हुकमाने वळवून दाखविली. हुकूम असा हवेतून गेला. छोट्या एंजिनाचे मात्र पुढेही ठिणगीवाचून अडे. बॅटरी आणि कॉइल यांचे ओझे त्याला अंगावर वाहावे लागे. १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेनचा ग्लो प्लग बाजारात आला. त्यातली प्लॅटिनमची तार एकदा बॅटरीने तापविली की पुढे मिथेनॉलच्या ज्वलनावर आपली आपण धगधगत राहते. नायट्रोमिथेन जोर देतो. वंगण वेगळे नसतेच. इंधनात मिसळलेले तेलच एंजिनाला जपते, आणि ते पुष्कळदा आपले एरंडेल असते.

पहिल्या एंजिनाची इंधन सोडणारी सुई वेगाच्या हौसेने मीच आवळली. इंधन कमी, म्हणजे तेलही कमी. एंजिन तापून जागीच जाम झाले. मुलगा काही बोलला नाही.

नव्या एंजिनाची सुई आता तोच फिरवितो. मागे धुराची निळसर रेघ दिसेल इतकी ती सैल ठेवतो. वेग थोडा कमी असतो. पण खेळ दिवेलागणीपर्यंत टिकतो.