सुरतेचा हिवाळा: पोंक, पापडी आणि उपडे मडके

सुरतेत थंडी नावापुरतीच पडते. जानेवारीतले पहाटेचे तापमान सरासरी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, त्यामुळे घर उबदार ठेवण्यासाठी सरपण जाळण्याची गरज या शहराला फारशी पडली नाही. जाळ होई तो शिवारात, आणि त्यावर अंग शेकण्यापेक्षा खाणे भाजण्याचेच काम अधिक होई. या जाळाला लागणारे सारे शेतातच मिळे: गोवऱ्या, वाळका पाला, पेंढा. तापीकाठची काळी जमीन पावसाळ्यातली ओल बराच काळ धरून ठेवते. त्या ओलीवर ज्वारी आणि वाल हिवाळाभर तग धरीत, आणि सुरती हिवाळ्याच्या ताटाचा पाया याच दोन पिकांनी घातला.

ज्वारीचा पोंक म्हणजे मराठी मुलखातला हुरडाच. दाण्यात दूध भरून ते घट्ट होऊ लागले, पण अजून वाळले नाही, अशा थोड्या दिवसांत कणीस काढावे लागते. त्या वेळी दाण्यातली सगळी साखर पिठूळ झालेली नसते. गोडवा येतो तो त्यामुळे. महाराष्ट्रात गुळभेंडीची कणसे आगटीत भाजून हातावर चोळतात. सुरतेत विक्रीसाठी मोठ्या प्रमाणावर पोंक करावा लागत असल्याने कणसे भट्टीत भाजतात, गरम असतानाच कापडात घालून काठीने झोडपतात आणि दाणे पाखडून घेतात. सोबत लिंबू-मिऱ्याची किंवा लसणाची शेव आणि साखरेचे दाणे. उरलेल्या पोंकाचे वडे होतात. पोंक ताजाच खायचा पदार्थ असल्याने तो फार लांब जात नसे. शहराने तो शेजारच्या शेतातून घ्यावा आणि लगेच संपवावा, हा नियम कोणी घालून दिला नव्हता. दाण्यानेच तो घातला होता. तापीपलीकडे अडाजणला, सरदार पुलाजवळ, पोंकविक्यांच्या ओळी लागू लागल्या, त्या याच मोसमी व्यापारातून.

दुसरे पीक वालपापडीचे. कतारगामची पापडी सुरतेत नावाजलेली; आज ते शहराचेच एक उपनगर आहे आणि तिथे हिऱ्यांना पैलू पाडले जातात. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत आणतात, म्हणजे शेंगा खाऊन झाल्यावरही पिकाचा उपयोग संपत नाही. दक्षिण गुजरातेत या शेंगा बटाटे, रताळी आणि कंदांसह मडक्यात भरतात, पाल्याने तोंड बंद करतात, मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. हे उबाडियुं. त्यात तेल नाही, वरून घातलेले पाणीही नाही. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. रायगडकडच्या वाचकाला इथे भांबुर्ड्याचा पाला घालून केलेली पोपटी आठवेल, आणि ते योग्यच आहे. कृती जवळजवळ तीच.

शहरातल्या गल्लीबोळांत असा जाळ करणे अवघड. तिथे रूढ झालेला सुरती उंधियो पातेल्यात शिजतो: पापडी, कोनफळ, छोटी वांगी, मेथीचे मुठिये, ओला लसूण, कोथिंबीर, खोबरे आणि सढळ हाताने तेल. भाज्या त्याच मोसमाच्या राहिल्या, पण शेतातल्या पदार्थाची काटकसर मात्र गेली. १४ जानेवारीला उत्तरायणाच्या पतंगांबरोबर जिलेबीच्या जोडीने तो खाल्ला जातो, आणि आता बहुतेकदा दुकानातून किलोवर विकत आणला जातो.

मोठा बदल पाण्याने घडवला. तापीवर काकरापारचा बंधारा १९५० च्या दशकात झाला, उकाई धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले. कालव्याचे पाणी मिळताच बारडोली परिसरात ऊस पसरला आणि सहकारी साखर कारखाने उभे राहिले. हमखास पैसा देणाऱ्या उसापुढे कोरडवाहू ज्वारी टिकणे कठीणच होते. शेतकऱ्याला त्याचा दोष देता येणार नाही. त्यातच शहर वाढले. १९०१ मध्ये सुरतेची लोकसंख्या सुमारे १.१९ लाख होती, २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या पुढे गेली. यंत्रमाग, हिरे आणि घरांनी जवळची शिवारे व्यापली.

याच वाढीने खानदेशही सुरतेत आणला. तापी खोऱ्यातून भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे यंत्रमागांवर कामाला आली आणि उधना, लिंबायत, दिंडोली भागांत स्थिरावली. त्यांच्या गावाकडे हिवाळ्यात वांगी भाजतात ती कपाशीच्या पऱ्हाट्यांवर किंवा तुरीच्या तुराट्यांवर. पीक निघाल्यावर शेतात उरलेल्या काड्याच तिथे इंधन होतात, आणि भरिताला येणारा धुराचा वास त्यांचाच. शहरातल्या खोलीत मात्र वांगे गॅसवर भाजावे लागते.

उबाडियुं वलसाडकडच्या महामार्गावर हिवाळ्यात अजून मिळते, रस्त्याकडेच्या मडक्यांतून, ताकासोबत. पोंकही दरवर्षी येतो. ज्वारीचे संशोधनही सुरतेतच, नवसारी कृषी विद्यापीठाच्या अठवा फार्मवरील केंद्रात चालते.