शेवटून पहिला नंबर : न ऐकणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट

आजचा एपिसोड कुत्र्यांवर आहे. किल्ल्यांवरचा भाग मागणाऱ्यांची आधीच माफी मागतो, तो पुढच्या वेळी नक्की.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी मी मंगळवेढ्याच्या मामाकडून एक कारवानी पिल्लू पुण्याला आणलं. नाव सोन्या. लांब पाय, बारीक कंबर, अंगावर चरबी नावाला नाही. एका ट्रेनरकडे क्लास लावला. दीड महिना झाला तरी 'बस' म्हटलं की सोन्या खिडकीबाहेर बघायचा. शेवटी ट्रेनर म्हणाला, "दादा, ही जातच डंब आहे. लॅब घ्यायला पाहिजे होता." आणि मोबाईलवर एक यादी दाखवली, ट्रेनिंगला सगळ्यात अवघड जाती. पहिला नंबर, अफगाण हाउंड. "हा त्याचाच भाऊबंद."

आता मी पडलो इंजिनिअर. रँकिंग दिसलं की डेटा कुठून आला हे शोधल्याशिवाय झोप लागत नाही.

इंटरनेटवर फिरणाऱ्या अशा बहुतेक याद्यांचं मूळ एकच निघतं. कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातले मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांचं १९९४ चं पुस्तक, 'द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज'. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १९९ परीक्षकांची मतं घेतली आणि जातींना ७९ क्रमांक दिले. बॉर्डर कॉली पहिला. वरच्या गटातली कुत्री नवीन हुकूम पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि ९५ टक्के वेळा पहिल्या हाकेला ऐकतात. तळच्या गटाला ८० ते १०० वेळा सांगावं लागतं, आणि पहिल्या हाकेला ती फार तर २५ टक्के वेळा ऐकतात. तळाशी कोण? बीगल, ब्लडहाउंड, चाउ चाउ, बुलडॉग, बसेंजी आणि ७९ वा अफगाण हाउंड.

ब्लडहाउंड ७४ वा! जुना माग काढत मैलोन्‌मैल जाणारं कुत्रं. इथेच मला शंका आली.

ते परीक्षक होते 'ओबीडियन्स' स्पर्धांचे, म्हणजे आज्ञापालनाच्या. या स्पर्धाही काही फार जुन्या नाहीत. हेलन व्हाइटहाउस वॉकर नावाच्या बाई पूडल पाळायच्या. पूडल म्हणजे नुसतं शोभेचं कुत्रं, असं लोक म्हणायचे. ते खोटं ठरवायला त्यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे आठ कुत्र्यांची चाचणी घेतली. १९३६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने ती रीत अधिकृत केली. त्याच्याही मागे गेलो तर जर्मनी लागतो. १८९९ पासून मॅक्स फॉन स्टेफानित्झ मेंढपाळांच्या कुत्र्यांतून जर्मन शेफर्ड घडवत होता आणि मेंढ्यांचं काम कमी होत गेलं तसं त्याला पोलीस आणि सैन्याकडे वळवत होता. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या पोलीस प्रशिक्षकाचं कुत्रा शिकवण्यावरचं पुस्तक आलं.

म्हणजे बघा, 'शिकलेला कुत्रा' कसा दिसावा हे ठरवलं ते मेंढपाळी आणि पोलिसी कामाने. बॉर्डर कॉली लांबच्या टेकडीवरून धन्याच्या शिट्टीवर वळतो, कारण त्याचं कामच ते आहे. माणूस काय सांगतोय तिकडे सतत कान.

अफगाण हाउंडचं काम नेमकं उलटं. तो नजरेवर शिकार करणारा. भक्ष्य दिसलं की सुटायचं, आणि धनी कुठेतरी मागे धुळीत. 'आता उजवीकडे' असं सांगणार कोण? जो कुत्रा थांबून मागे वळून बघेल त्याची शिकार गेली. शेकडो वर्षं लोकांनी पिल्लं ठेवली ती मागे न बघणाऱ्यांची. मग तो इंग्लंडला गेला. १९०७ मध्ये झार्दिन नावाच्या अफगाण हाउंडने लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं प्रदर्शन गाजवलं. पुढे त्याच्या केसांचं कौतुक वाढत गेलं, आणि काही दशकांनी यादीत तो शेवटचा. (जाता जाता, २००५ मध्ये दक्षिण कोरियात जन्मलेला जगातला पहिला क्लोन कुत्रा स्नपी, तोही अफगाण हाउंडच.)

कोरेन यांच्या बाजूने एक सांगायलाच हवं. त्यांनी पुस्तकात बुद्धीचे तीन प्रकार केलेत. जातीच्या मूळ कामाची उपजत बुद्धी, स्वतः अडचण सोडवायची बुद्धी, आणि तिसरी आज्ञापालनाची. रँकिंग फक्त तिसरीचं. फॉरवर्ड होता होता पहिल्या दोन गळल्या.

सोन्याची जात तर त्या यादीत नाहीच. परीक्षक अमेरिका-कॅनडाचे, त्यांनी कारवानी बघितलं असेल कुठे? आपल्याकडे मात्र याला इतिहास आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही कुत्री सांभाळली, वाढवली, एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. म्हणून तिकडे 'मुधोळ हाउंड', इकडे सोलापूर-लातूरकडे 'कारवानी', आणि अंगावर लांब केस असले तर 'पश्मी'. २००५ मध्ये यांच्यावर पाच रुपयांचं पोस्टाचं तिकीटही निघालं. नंतर सैन्याने मुधोळची पिल्लं मेरठला शिकवायला नेली. म्हणजे ही कुत्री शिकतच नाहीत असं कुणी गृहीत धरलेलं नाही.

पण मी खोटं बोलणार नाही. टू बीएचकेमध्ये हे कुत्रं खरंच अवघड आहे. एका संध्याकाळी टेकडीवर मांजर दिसलं, पट्टा हातातून निसटला, आणि सोन्या दिसेनासा झाला. दोन तास हाका मारल्या. तो शेवटी मिळाला तो हायवेच्या कडेला, धापा टाकत, ट्रकांकडे बघत. त्या रात्री मी ट्रेनरला नाही, स्वतःला शिव्या दिल्या. पुढच्या शनिवारी त्याला मामाकडे सोडून आलो. सोडताना रडलो, हे एडिट करणार नाहीये.

मामाला म्हटलं, "हा ऐकत नाही हो." मामा म्हणाले, "त्याला सांगायचं काय असतंय?" सशाची शिकार आता कायद्याने बंद आहे, त्यामुळे तो नुसता बांधाबांधाने पळतो, आणि कुंपणापलीकडे गेला तरी अंधार पडायच्या आत घरी असतो.

दिवाळीत गेलो तेव्हा मी कोरेन यांची चाचणी करून बघितली. दहा हाका मारल्या. सोन्या दोनदा आला, म्हणजे २० टक्के. दोन्ही वेळा माझ्या हातात भाकरी होती.